लेखणीची वाट : यंत्राने हस्ताक्षर वाचण्याचा इतिहास

लिहून झालेले अक्षर वाचणे आणि अक्षर लिहिले जात असताना पाहणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. लिहून झालेल्या कागदावर केवळ शाई उरते. लेखणी प्रथम कोठे टेकली, कोणत्या बाजूने वळली, कोठे रेंगाळली, कोणती टिकली मागाहून दिली, यांपैकी काहीही कागद स्वतःहून सांगत नाही. जाणकार डोळा शाईच्या गडद-फिक्या छटेवरून थोडाफार तर्क करू शकतो, इतकेच. डिजिटल लेखणीचे तसे नसते. ती पाटीवर फिरत असता दर सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा आपला ठावठिकाणा कळवीत असते, आणि त्यामुळे संगणकाजवळ अक्षराच्या चित्राऐवजी अक्षराचा प्रवास जमा होतो. शास्त्रज्ञ पहिल्या प्रकारच्या वाचनाला ‘ऑफलाइन’ आणि दुसऱ्या प्रकारच्या वाचनाला ‘ऑनलाइन’ म्हणतात. या दुसऱ्या शब्दाचा इंटरनेटशी काही संबंध नाही. तो त्याहून जुना आहे.

हा भेद आरंभीच स्पष्ट करण्याचे कारण असे की, ज्यांच्या घरी जुन्या मोडी कागदांचे रुमाल अजून कपाटात आहेत अशा आपल्यासारख्या कुटुंबांना संगणकाच्या हस्ताक्षरवाचनाविषयी काही ऐकू आले की पहिला प्रश्न सुचतो तो हाच : मग आमच्या पणजोबांची पत्रे हे यंत्र वाचील काय? त्याचे उत्तर या भेदातच दडलेले आहे. त्याकडे यथावकाश येऊ.

लेखणीची हालचाल विजेच्या भाषेत उतरविण्याची कल्पना संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. अमेरिकन संशोधक एलिशा ग्रे याचे नाव दूरध्वनीच्या इतिहासात अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचा दुर्दैवी प्रतिस्पर्धी म्हणून येते. १८७६ साली १४ फेब्रुवारी या एकाच दिवशी दोघांचे कागद पेटंट कार्यालयात दाखल झाले आणि कीर्ती बेलच्या वाट्याला आली. याच ग्रेने १८८८ मध्ये ‘टेलऑटोग्राफ’ या यंत्राचे पेटंट घेतले. एका टोकाला माणूस लिही, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला बसविलेली लेखणी आपोआप तशीच अक्षरे काढी. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात लोकांनी ते कौतुकाने पाहिले, आणि पुढे बँका, हॉटेले व रेल्वे स्थानके यांत निरोप धाडण्यासाठी ते वापरातही होते. त्यातील युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. लेखणीची कोणतीही हालचाल, मग ती कितीही वळणदार असो, आडवी किती आणि उभी किती अशा दोन भागांत विभागता येते, आणि ते दोन भाग दोन विद्युत्‌प्रवाहांच्या रूपाने पाठविता येतात. अक्षर म्हणजे बदलत जाणाऱ्या दोन संख्यांची जोडी, हा विचार येथे यंत्ररूप झाला. मात्र ग्रेचे यंत्र निरोप्या होते, वाचक नव्हते. आपण काय वाहून नेत आहोत याची त्याला गंधवार्ता नव्हती.

वाचक यंत्राची पहिली लक्षणीय पायरी १९५७ ची. बेल प्रयोगशाळेतील टॉम डायमंड यांनी ‘स्टायलेटर’ नावाचे उपकरण त्या वर्षी मांडले. एका लहानशा पट्टीवर एकाखाली एक असे दोन ठिपके होते, आणि त्या ठिपक्यांपासून किरणांसारख्या निघणाऱ्या सात वाहक रेषा पट्टीत बसविलेल्या होत्या. लिहिणाऱ्याने आकडा त्या दोन ठिपक्यांना धरून काढावयाचा. लेखणीने कोणकोणत्या रेषा ओलांडल्या एवढ्यावरून यंत्र आकडा ओळखी. शून्य काढणारा ठिपक्यांभोवतीच्या रेषा ओलांडील. एक काढणाऱ्याचा मार्ग निराळाच असेल. व्यवस्था सुटसुटीत होती, पण वळण यंत्राने ठरवून दिलेले आणि ते गिरविण्याचे काम माणसाचे, असा प्रकार होता. बालवाडीत ठिपके जोडून अक्षर काढणाऱ्या मुलाची आठवण व्हावी.

खरी क्रांती १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे, रँड या संस्थेत झाली. तेथील डेव्हिस आणि एलिस या दोन अभियंत्यांनी तयार केलेली ‘रँड टॅब्लेट’ १९६४ मध्ये प्रसिद्धीस आली. सुमारे दहा इंच लांब-रुंद अशा या पाटीच्या पोटात तांब्याच्या अतिसूक्ष्म रेषांची जाळी होती, इंचाला शंभर रेषा. प्रत्येक रेषेतून विद्युत्‌स्पंदांची स्वतःची अशी खूण फिरत असे. लेखणीचे टोक ती खूण टिपी आणि आपण कोणत्या आडव्या व कोणत्या उभ्या रेषेवर आहोत ते संगणकाला कळवी. अशा दहा लाखांहून अधिक जागा त्या पाटीवर वेगळ्या ओळखता येत. टोक दाबले की लेखणी टेकली, सोडले की उचलली, ही सूचना मिळण्याचीही सोय होती. तिचे महत्त्व देवनागरीच्या संदर्भात पुढे दिसेल.

या पाटीसाठी रँडमधील गेब्रिएल ग्रोनर यांनी १९६६ मध्ये लिहिलेला कार्यक्रम आजही अभ्यासण्यासारखा आहे, कारण त्याने मनुष्याच्या हाताला जवळजवळ मोकळे सोडले. रोमन मोठी अक्षरे, आकडे आणि काही चिन्हे मिळून ५३ आकृती तो ओळखी, आणि त्या लिहिल्या क्षणीच ओळखी. त्याची रीत अशी. प्रथम हाताच्या कंपामुळे आलेला खडबडीतपणा शेजारच्या बिंदूंची सरासरी काढून घालवावयाचा. मग अनावश्यक बिंदू गाळून मार्ग विरळ करावयाचा. नंतर उरलेल्या मार्गाचे वर्णन केवळ चार शब्दांत करावयाचे : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. या दिशांच्या क्रमावरून संभाव्य अक्षरे निवडावयाची, आणि कोपरे कोठे आले, टोके कोठे पडली, उंची-रुंदीचे प्रमाण काय, हे पाहून त्यांतील एक नक्की करावयाचे.

ग्रोनर यांनी देवनागरीचा विचार केलेला नव्हता. पण आपल्या अक्षरांना ही रीत लावून पाहिली की तिचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही चटकन ध्यानात येतात. शिरोरेषा बाजूला ठेवून ‘ट’ काढा. लेखणी खाली येते, डावीकडे जाते, पुन्हा खाली, मग उजवीकडे, आणि थांबते. ‘ठ’ काढताना तोच प्रवास होतो, फक्त पुढे वर आणि डावीकडे अशी भर पडून वर्तुळ मिटते. ‘ढ’ हाही येथवर सोबतच चालतो, पण त्याची लेखणी जेथून निघाली तेथे परत न जाता आत वळते आणि गाठ मारते. तेव्हा ‘ट’ आणि ‘ठ’ यांतील फरक दिशांच्या यादीने सांगितला. ‘ठ’ आणि ‘ढ’ यांतील फरक मात्र शेवटचे टोक कोठे पडले यावरूनच कळतो. हस्ताक्षर घाईचे असेल, वर्तुळ अर्धवट मिटले असेल, तर माणूसही क्षणभर अडखळतो. यंत्राची अडचण याहून वेगळ्या जातीची नाही.

रँडमध्येच १९६९ च्या सुमारास ‘ग्रेल’ नावाची संपूर्ण कार्यपद्धती उभी राहिली. तीत पाटीवर चौकोन व बाण काढावेत, त्यांत अक्षरे लिहावीत, चुकले तर रेघोट्या ओढून खोडावे, आणि संगणकाने हे सर्व समजून घ्यावे. आज हातातल्या पडद्यावर आपण जे करतो त्याचे बहुतेक सारे त्यात होते. एका माणसासाठी एक भला मोठा संगणक राबवावा लागे, म्हणून ते प्रयोगशाळेबाहेर आले नाही.

नियमांनी बांधलेल्या या पद्धतीची अडचण उघड होती. प्रत्येक नव्या वळणासाठी नवा नियम लिहावा लागे, आणि माणसे नियमाप्रमाणे लिहीत नाहीत. तेव्हा दुसरा मार्ग निघाला : नियम सांगण्यापेक्षा नमुने ठेवावेत आणि नवे अक्षर कोणत्या नमुन्याशी अधिक जुळते ते पाहावे. परंतु जुळविणे सोपे नसते. एकच माणूस तेच अक्षर एकदा घाईने, एकदा सावकाश लिहितो. एका वेळी तीस बिंदू पडतात, दुसऱ्या वेळी पन्नास. पहिल्यातला दहावा बिंदू दुसऱ्यातल्या कितव्या बिंदूशी ताडून पाहावयाचा? गाण्याच्या बैठकीत हा प्रश्न आपल्याला पडत नाही. गवई एखादा स्वर लांबवितो, दुसरा आखडता घेतो, तरी बंदीश तीच आहे हे कान ओळखतो. उच्चार ओळखणाऱ्या यंत्रांसाठी जे गणित तयार झाले होते, त्यात ताणणे आणि आखडणे दोन्हींना मुभा होती. आयबीएम कंपनीतील चार्ल्स टॅपर्ट यांनी १९८२ मध्ये तेच जोडून लिहिलेल्या इंग्रजी अक्षरांना लावले आणि त्याला ‘लवचीक जुळणी’ अशा अर्थाचे नाव दिले. या गणिताचा पाया घालणारे रिचर्ड बेलमन हेही रँडमध्येच होते, ही एक गंमत.

जोडाक्षरी लेखनात आणखी एक पेच असतो. त्याला १९७३ मध्ये केनेथ सेयर यांनी शब्दरूप दिले, म्हणून त्यांच्या नावाने तो ओळखला जातो. शब्दातील अक्षर ओळखण्यासाठी ते आधी शब्दातून तोडून वेगळे केले पाहिजे. पण कोठे तोडावे हे कळण्यासाठी ते अक्षर कोणते हे आधी माहीत असले पाहिजे. मोडी वाचावयास शिकलेल्या कोणालाही हा पेच नव्याने सांगावयास नको. मोडीत शब्दांमध्येही जागा सोडलेली नसते; ओळ सलग धावते. वाचक कागदाचा विषय जाणतो, मायन्याची ठरीव भाषा जाणतो, आणि त्या जाणिवेच्या आधाराने अक्षरे सोडवितो. यंत्रालाही अखेर हाच आधार घ्यावा लागला. त्याला शब्दकोश पुरविण्यात आला.

शब्दकोशाचा आधार किती घातक ठरू शकतो याचे उदाहरण साऱ्या जगाने १९९३ मध्ये पाहिले. ॲपल कंपनीने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘न्यूटन मेसेजपॅड’ हे हातात मावणारे उपकरण ६९९ डॉलर किमतीस बाजारात आणले. त्यात कळफलक नव्हता. लेखणीने लिहावे आणि यंत्राने ते वाचावे अशी योजना होती. वाचनाचा कार्यक्रम स्तेपान पाचिकोव्ह यांच्या पॅराग्राफ या मॉस्कोत स्थापन झालेल्या कंपनीने लिहिला होता, आणि तो शब्दच्या शब्द कोशाशी ताडून पाही. त्यामुळे चूक झाली की ती एका अक्षराची होत नसे. लिहिलेल्या शब्दाच्या जागी दुसराच, पण कोशात असलेला, शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष शब्द उमटे. अमेरिकेतील ‘डून्सबरी’ या प्रसिद्ध चित्रमालिकेत गॅरी ट्रूडो यांनी या वाचनाची अशी खिल्ली उडविली की उपकरणाचे नाव म्हणजे विनोद होऊन बसला. वास्तविक पॅराग्राफची कामगिरी लहान नव्हती. कोणाचेही मोकळे हस्ताक्षर, त्या काळच्या एवढ्याशा शक्तीच्या यंत्रात! पुढे १९९६ मध्ये ॲपलने लॅरी येगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला, सुटी अक्षरे न्यूरल जाळ्याच्या साहाय्याने ओळखणारा कार्यक्रम त्यात घातला आणि वाचन पुष्कळ सुधारले. पण एकदा गेलेली पत परत आली नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये न्यूटन बंद झाले.

याच सुमारास जेफ हॉकिन्स यांनी उलट टोकाचा विचार केला. यंत्राला माणसाचे अक्षर शिकविता येत नसेल, तर माणसाला यंत्राचे अक्षर शिकवावे. मार्च १९९६ मध्ये आलेल्या ‘पायलट’ या उपकरणात ‘ग्रॅफिटी’ नावाची लिपी होती. रोमन अक्षरेच, पण बहुतेक प्रत्येक अक्षर लेखणी न उचलता एका फटकाऱ्यात काढावयाचे. इंग्रजी ‘ए’ची मधली आडवी रेघ गळाली, ‘एफ’चा एक हात गेला. शिकण्यास थोडा वेळ पुरे होई, यंत्र क्वचितच चुके, आणि लोकांनी ते उचलून धरले. अशाच एकफटकारी लिपीची कल्पना झेरॉक्स कंपनीतील डेव्हिड गोल्डबर्ग यांनी आधी मांडली होती. झेरॉक्सने १९९७ मध्ये दावा लावला, आणि तो २००६ मध्ये सव्वादोन कोटी डॉलरांच्या तडजोडीने मिटला.

मला ही हकीकत नेहमीच मोडीची सख्खी बहीण वाटते. मोडीही नव्या उच्चारांसाठी जन्मली नाही, हाताच्या वेगासाठी वाढली. तिचा संबंध परंपरेने यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, याच्याशी जोडला जातो. विद्वानांत त्याविषयी मतभेद आहेत आणि येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. बोरू वरचेवर उचलावा लागू नये म्हणून अक्षरे गोल झाली, काना-मात्रा अक्षराच्या पोटात शिरल्या, ह्रस्व-दीर्घाचा भेद सोडून देण्यात आला. आणि शिरोरेषा तर लेखक आधीच पानभर आखून घेई. अक्षरे तिला मागाहून टांगली जात. पायलटच्या लिपीने जे यंत्राच्या सोयीसाठी केले ते चिटणिसांनी कित्येक शतके आधी मनगटाच्या सोयीसाठी केले होते. फरक एवढाच की ग्रॅफिटीचे आयुष्य दहा वर्षांच्या आतबाहेरचे. मोडीने पेशवे दप्तरापासून शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या कचेऱ्यांपर्यंत आणि तिकडे तंजावरापर्यंत राज्ये चालविली.

लेखणीच्या यंत्राविषयी थोडे सांगून पुढे जाऊ. जपानच्या वॅकॉम कंपनीने तार नसलेली, बॅटरीही नसलेली लेखणी प्रचारात आणली; पाटीच चुंबकीय क्षेत्राच्या द्वारे तिला शक्ती पुरविते आणि तिचा ठावही घेते. स्वीडनच्या अनोटो कंपनीची युक्ती याहून न्यारी. तिने पाटीच काढून टाकली आणि कागद परत आणला. त्या कागदावर जेमतेम दिसणारे ठिपके सुमारे ०.३ मिलिमीटर अंतराने छापलेले असतात, पण प्रत्येक ठिपका आपल्या ठरीव जागेपासून वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे किंचित सरकविलेला असतो. लेखणीतला बारीक कॅमेरा सहा गुणिले सहा ठिपक्यांचा, म्हणजे दोन मिलिमीटरहूनही लहान, तुकडा पाहतो आणि तेवढ्यावरून आपण कोणत्या पानावर नेमके कोठे आहोत हे जाणतो. या लेखणीत खरीखुरी शाईही असते. हाताला काही निराळे करावे लागत नाही.

आता देवनागरीकडे वळू. रोमन लिपीसाठी केलेली तजवीज आपल्या लिपीला का पुरत नाही? वर्ण अधिक आहेत, जोडाक्षरे शेकड्यांनी आहेत, हे झालेच. परंतु खरी अडचण काळाची आहे. ‘कि’ हे अक्षर घ्या. उच्चारात आधी क, मग इकार. कागदावर वेलांटी डावीकडे. संगणकाच्या स्मृतीत युनिकोडच्या नियमाप्रमाणे पुन्हा आधी क, मग वेलांटी. आणि हाताचे काय? काही जण वेलांटीचा दंड आधी काढतात, काही जण क लिहून मग मागे वळतात, काही दंड आधी काढून वरची कमान शेवटी फिरवितात. ‘धर्म’ मधील रफार बोलताना म च्या आधी येतो, लिहिताना म च्या डोक्यावर शेवटी चढतो, आणि स्मृतीत परत म च्या आधी जाऊन बसतो. अनुस्वार तर अनेकांच्या लेखनात संपूर्ण शब्द झाल्यावर पडतो. शिरोरेषा कोणी अक्षरागणिक देतो, कोणी शब्द पुरा झाल्यावर, आणि घाईत कोणी देतच नाही. चिनी-जपानी मुलांना कोणती रेघ कितवी हे शाळेतच घोटवून घेतात, त्यामुळे त्या लिप्यांत हा गोंधळ मर्यादित राहतो. आपल्याकडे मास्तर वळण पाहत, क्रम क्वचितच पाहत.

म्हणून अक्षराचा प्रवास माहीत असणे, जे इतरत्र केवळ वरदान, ते देवनागरीत काही अंशी विघ्नही ठरते. यावर तोड म्हणून दोन्ही दृष्टी एकत्र करण्याचा प्रयोग झाला. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठातील स्कॉट कॉनेल व अनिल जैन आणि कानपूरच्या आयआयटीतील आर. एम. के. सिन्हा यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वीस व्यक्तींकडून प्रत्येक अक्षर पाच-पाच वेळा, कोणतेही बंधन न घालता, लिहवून घेतले होते. लेखणीची वाट आणि तयार झालेले चित्र या दोहोंचा निकाल जोडल्यावर ८६.५ टक्के अक्षरे बरोबर ओळखली गेली. सिन्हा हे देवनागरी संगणकावर आणणाऱ्या आद्य मंडळींपैकी एक. बंगळूर येथील एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेने या शतकाच्या पहिल्या दशकात वेगळीच वाट काढली. तिच्या पाटीवर व्यंजनांची घरे छापलेली होती. लेखणी ‘क’ च्या घरात नेऊन तेथे नुसती मात्रा, वेलांटी वा उकार काढावयाचा. व्यंजन जागेवरून कळे, स्वरचिन्ह लेखणीच्या हालचालीवरून. ज्यांना संगणक इंग्रजी कळफलकाखेरीज कधी भेटलाच नव्हता त्यांच्यासाठी ही तडजोड शहाणपणाची होती, असे माझे मत आहे. ती फारशी पसरली नाही.

येथे एक तक्रार नोंदवून ठेवतो. देवनागरी म्हणजे हिंदीची देवनागरी, असे गृहीत धरून नमुने गोळा केले की मराठी हात परका ठरतो. आपला ‘ळ’, आपला पाकळीचा ‘ल’, आपले ‘श’चे वळण, ‘ॲ’वरची चंद्रकोर, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतला भेद दाखविणारा तो आडवा अर्धा र, ही सर्व आपली खास संपत्ती. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीपुरती लिपी आणि वर्णमाला प्रमाणित केली, तेव्हा ही वळणे पुन्हा अधिकृत झाली. पण इंदूर-ग्वाल्हेरकडील घरांत आजी पाकळीचा ल काढते आणि हिंदी शाळेत शिकलेली नात दंडाचा. दोघींचे मराठी एक, हात दोन. यंत्राला दोन्ही हातांचे नमुने मिळाले तरच ते दोघींचे ऐकेल. नमुन्यांच्या ढिगात ज्या समाजाचे अक्षर नाही, त्या समाजाचे अक्षर यंत्राच्या लेखी चूक असते.

कारण आजची यंत्रे नियमांवर नव्हे, सर्वस्वी नमुन्यांवर चालतात. सेयर यांचा पेच या मार्गाने बऱ्याच अंशी सुटला. सेप होखराइटर आणि युर्गेन श्मिडहूबर यांनी १९९७ मध्ये दीर्घकाळ आठवण ठेवू शकणारे न्यूरल जाळे मांडले. ॲलेक्स ग्रेव्हज यांनी २००६ मध्ये त्याला अशी शिकवण दिली की शब्द कोठे तोडावा हे कोणी सांगावयास नको. जाळ्याला लेखणीची वाट दाखवावयाची आणि शेवटी कोणता मजकूर व्हावयास हवा तेवढेच सांगावयाचे. कोणता तुकडा कोणत्या अक्षराचा हे जाळे स्वतःच, मागचे आणि पुढचे दोन्ही पाहून, ठरविते. त्यांच्या २००९ च्या निबंधात इंग्रजी शब्दांच्या वाचनाचे दोन आकडे शेजारी शेजारी आहेत. लेखणीच्या वाटेवरून ७९.७ टक्के शब्द बरोबर; कागदाच्या चित्रावरून ७४.१. दोन्ही परीक्षांचे नमुने निरनिराळे असल्याने तुलना काटेकोर नव्हे, तरी काळ हाती असल्याचा लाभ त्यांतून डोकावतो. गूगलने २०१५ मध्ये अँड्रॉइड फोनवर ८२ भाषांत बोटाने वा लेखणीने लिहिण्याची सोय दिली, तीत देवनागरीही होती. २०१९ मध्ये तिच्या मुळाशी हेच जाळे आले, आणि बिंदूंच्या रांगेऐवजी वाटेचे थोडक्या वक्ररेषांत वर्णन करून ते जाळ्याला पुरविले जाऊ लागले. रोमन कळफलकावर मराठी टंकण्यास नाखूष असलेल्या वृद्धांनी या सोयीने नातवंडांना देवनागरीत पत्रे धाडल्याचे मी पाहिले आहे. नातवंडांची उत्तरे मात्र रोमन लिपीतील मराठीत येतात.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे. पणजोबांची मोडी पत्रे यंत्र वाचील काय? मोडीला युनिकोडमध्ये जून २०१४ पासून स्वतःचे स्थान आहे. म्हणजे वाचलेला मजकूर मोडीतच साठविता येतो. छायाचित्रांवरून मोडी अक्षरे ओळखण्याचे प्रयत्नही आपल्याकडील विद्यापीठांतून चालू आहेत. पण हे सर्व ऑफलाइन वाचन आहे. कागदावर शाई आहे, वाट नाही. आणि मोडीत वाटच तर सर्वस्व आहे. देवनागरीतील अक्षर न मोडता कसे वळविले, काना कोणत्या बाजूने चढला आणि पुढील अक्षरात कसा उतरला, हे जो लिहून जाणतो तोच गुंतलेली ओळ सोडवू शकतो. मोडीचे उत्तम वाचक बहुधा मोडीचे लेखकही असतात, ते याचमुळे. कठीण जागी ते हवेत बोट फिरवून पाहतात.

म्हणून मला असे वाटते की डिजिटल लेखणीचा मोडीला होऊ शकणारा उपयोग उलट्या दिशेने आहे. जुने कागद तिला दाखविता येत नाहीत, परंतु आज हयात असलेले हात तिच्यावर लिहू शकतात. मोडीचे अक्षर, बाराखडी, नेहमीची जोडाक्षरे, मायने आणि काही पूर्ण ओळी डिजिटल पाटीवर लिहवून घेतल्या, तर कोणती रेघ आधी आणि कोणती मागाहून, लेखणी कोठे उचलली, याची नोंद कायमची राहील, आणि चित्रावरून वाट तर्काने शोधणाऱ्या यंत्राला पडताळ्यासाठी काहीतरी मिळेल. महाराष्ट्रात पुराभिलेख खात्याच्या प्रशिक्षणवर्गांतून मोडी शिकलेले पुष्कळ आहेत, आणि त्यांचे नमुने मिळणे अवघड नाही. पण वर्गात शिकलेला हात आणि घरी वडीलधाऱ्यांकडून आलेला हात यांत फरक असतो. बडोद्याच्या किंवा इंदूरच्या कारकुनी वळणाचा दुसरा प्रकार आता थोड्याच घरांत असणार, आणि अशा व्यक्ती ऐंशी-नव्वदीच्या असणार.

वर उल्लेखिलेल्या देवनागरीच्या प्रयोगाला वीस हात आणि प्रत्येकाची पाच आवर्तने एवढेच पुरले होते. लागणारी पाटी आता एखाद्या साध्या फोनच्या किमतीत मिळते, आणि सबंध बाराखडी पाच वेळा लिहिण्याला वृद्ध माणसाला, मधून विश्रांती घेत, फार तर दोन-तीन बैठका लागतील. शिरोरेषा मात्र पानभर आधी आखू द्यावी. अक्षरागणिक देण्याचा आग्रह धरू नये, नाहीतर नोंद मोडीची न होता आपल्या सवयीची होईल. मंडळाच्या ज्या सभासदांच्या घरी किंवा ओळखीत घरगुती परंपरेने मोडी लिहिणारे कोणी असेल, त्यांनी त्या व्यक्तीच्या संमतीने मंडळाकडे तसे कळवावे, आणि कळविताना लिहावयास कोणाकडून व कोणत्या गावी शिकले हेही नमूद करावे.